दोन रेझोनन्समधलं अंतर: १० मिलिमीटरच्या एका पिझो मोटरचं प्रकरण

लेन्स सरकवायची होती, तीही फक्त ५ मिलिमीटर. लेन्स आणि तिची चौकट मिळून वजन ४ ग्रॅम. एरवी असलं काम छोटी स्टेपर मोटर आणि बारीक आट्यांचा स्क्रू निमूटपणे करून टाकतात. पण हा कॅमेरा एमआरआय यंत्राच्या बोगद्यात बसायचा होता. तिथे चुंबक नको, लोखंड नको, फेराइटचा गाभाही नको. मोटरला दिलेली जागा १४ × ६ × ४ मिमी. वीज तोडली की लेन्स असेल तिथेच थांबली पाहिजे, आणि ०.३ न्यूटनपर्यंत धक्का बसला तरी हलता कामा नये. पुरवठा २४ व्होल्टचा.

या कामात माझा अंदाज बऱ्याचदा चुकला आणि एकदा निव्वळ नशिबाने बरोबर आला. त्या नशिबानेच सर्वात जास्त वेळ खाल्ला.

पर्याय फार नव्हते. पिझो म्हणजे वीज दिली की किंचित ताणणारं सिरॅमिक. त्याचे थर रचून केलेला स्टॅक ताकदवान असतो, पण स्वतःच्या लांबीच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच ताणतो. १० मिमीचा स्टॅक १० मायक्रॉन देणार, आणि आम्हाला हवे होते ५००० मायक्रॉन. नटाला कंप देऊन आतला स्क्रू फिरवणारी स्क्विगल जातीची मोटर याहून बरीच लहान मिळते, २.८ × २.८ × ६ मिमीपर्यंत. मात्र तिच्यात स्क्रूचं टोक ढकलतं, ओढत नाही. परतीसाठी वेगळी स्प्रिंग लागते आणि ती स्प्रिंग लेन्सच्या वाटेत येत होती. कॅमेऱ्याच्या लेन्समधली कडीच्या आकाराची अल्ट्रासॉनिक मोटर सगळ्यांना माहीत असते. साशिदा यांनी १९८२ मध्ये धावत्या लाटेची मोटर दाखवली आणि १९८७ मध्ये कॅननने ती ऑटोफोकसच्या लेन्समध्ये बसवली. पण ती गोल फिरते, आणि आम्हाला सरळ रेषेतली चाल हवी होती.

उरली साधी चौकोनी पट्टी. पीझेडटी या पिझो सिरॅमिकच्या कठीण जातीची १० मिमी लांब, १ मिमी जाड पट्टी. रुंदी ठरायची होती.

पट्टी चालते कशी

पट्टीच्या एका रुंद पृष्ठावर चांदीचे चार इलेक्ट्रोड, खिडकीच्या चार तावदानांसारखे. दुसरं पृष्ठ अखंड चांदीचं, ते ग्राउंड. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन तावदानं तारेने जोडली की एक तिरकी जोडी होते, उरलेल्या दोघांची दुसरी. एका जोडीला उच्च वारंवारतेचा व्होल्टेज दिला की पट्टीत दोन हालचाली एकदम सुरू होतात. पट्टी लांबीत आखडते आणि ताणते, हा लांबीचा पहिला मोड, म्हणजे कंपाची तऱ्हा. आणि त्याच वेळी ती स्वतःच्या प्रतलात नागमोडी वाकते, हा वाकण्याचा दुसरा मोड. पट्टीच्या अरुंद टोकावर अॅल्युमिनाचा चिमुकला ठोकळा चिकटवलेला असतो. पहिला मोड त्याला समोरच्या, लेन्सला जोडलेल्या सरकपट्टीवर दाबतो आणि सोडतो, दुसरा त्याला डावीउजवीकडे नेतो. दोन्ही हालचालींत पाव चक्राचा फेजफरक असेल तर ठोकळा लंबवर्तुळ काढतो: दाबताना सरकपट्टी पुढे ओढतो, मागे येताना हवेत असतो. दुसरी तिरकी जोडी चालवली की वाकणं उलटं होतं आणि सरकपट्टी उलट दिशेला जाते. एकच ड्रायव्हर, एक स्विच. यासाठीच हा प्रकार मला आवडला.

हे सगळं जमायला दोन्ही मोडचे रेझोनन्स, म्हणजे ते सर्वात जोरात कंपतात त्या जागा, जवळजवळ एकाच वारंवारतेवर यायला हवेत. लांबीच्या मोडचं गणित सरळ आहे. या सिरॅमिकमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३०० मीटर, १० मिमी म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणून १६५ किलोहर्ट्झ. रुंदीचा त्यात जवळपास काही संबंध नाही. वाकण्याचा मोड मात्र रुंदीवर चालतो. कॉलेजात शिकलेलं बारीक तुळईचं सूत्र लावलं तर लांबी रुंदीच्या ५.६७ पट असताना दोन्ही जुळतात, म्हणजे रुंदी १.७६ मिमी.

ते सूत्र इथे खोटं ठरतं. दुसऱ्या मोडमध्ये पट्टी इतक्या आखूड लांबीत वळसे घेते की ती नुसती वाकत नाही, कातरीसारखी सरकतेही, आणि तिच्या छेदाचं गोल फिरण्याचं जडत्वही आडवं येतं. सिम्युलेशनमध्ये १.७६ मिमीच्या पट्टीचा वाकण्याचा मोड १६५ सोडून १३० किलोहर्ट्झच्या आसपास उतरला. दोन्ही मोड जवळ येतात ते गुणोत्तर ४ च्या घरात असताना. म्हणून रुंदी २.५ मिमी, आणि घासायला थोडी शिल्लक ठेवून मागवली २.६.

धरायचं कुठे

कागदावर हा प्रश्न सोपा दिसतो. पट्टीचा मध्य दोन्ही मोडचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू आहे, तेव्हा मध्यावर धरा. पण वाकण्याच्या दुसऱ्या मोडमध्ये मध्यबिंदू जागचा हलत नसला तरी तिथे पट्टी चांगलीच गिरकी घेते. मध्यावर १ मिमी रुंद पॅड इपॉक्सीने चिकटवला तेव्हा तिची गिरकीच बंद झाली. सिरॅमिकचा स्वतःचा क्यू, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचं माप, ५०० च्या आसपास असतो. इथे तो ६० वर आला. ऊर्जा सगळी पॅडमध्ये मुरत होती.

मग सिलिकॉन रबराच्या गाद्या लावल्या. क्यू ३०० च्या वर गेला, आम्ही खूश. पण मोटरने सरकपट्टीला ढकलायला सुरुवात केली की सरकपट्टीऐवजी आधी पट्टीच मान हलवायची. पाच-दहा मायक्रॉन रबरात जायचे आणि ड्राइव्ह बंद केला की हळूहळू परत यायचे. लेन्स थांबली असं वाटायचं आणि चित्र मात्र सावकाश धूसर व्हायचं.

म्हणजे धरणारा भाग १६३ किलोहर्ट्झला (ठोकळा चिकटवल्यावर १६५ चे एवढे होतात) मऊ आणि हळू येणाऱ्या बलाला ताठ हवा. याला उत्तर म्हणून पातळ धातूच्या दोन पानपट्ट्या आल्या, मध्याच्या दोन्ही बाजूंना रुंदीच्या दिशेने पसरलेल्या. सरकपट्टीची प्रतिक्रिया या पानांच्या लांबीच्या दिशेने येते, तिथे ती ताठ असतात. मध्याच्या गिरकीला ती वाकून वाट देतात. आणि लांबीच्या दिशेने त्यांना ०.३ मिमी वाकवून बसवलं की १.५ न्यूटनचा प्रीलोड, म्हणजे ठोकळा सरकपट्टीवर टेकवून ठेवणारा दाबही तीच देतात, वेगळी स्प्रिंग लागत नाही. ठोकळा १० मायक्रॉन झिजला तरी दाब तीनेक टक्क्यांनीच घटतो.

पहिली पानं आम्ही ३०४ स्टेनलेसची कापली, कारण ते हाताशी होतं आणि ‘अचुंबकीय’ म्हणून ओळखलं जातं. छोटा चुंबक जवळ नेला तर पान अलगद वळलं. ३०४ थंड अवस्थेत लाटलं की त्याची अंतर्गत रचना अंशतः बदलते आणि ते थोडं चुंबकीय होतं; स्प्रिंगचा पत्रा म्हणजे लाटलेलाच पत्रा. पानं फॉस्फर ब्राँझची केली. या पानांवर बसवलेल्या, प्रीलोड दिलेल्या पट्टीचा क्यू १५० भरला. हा १५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तीन नमुने

पहिल्या नमुन्याची उघडी पट्टी घासून दोन्ही रेझोनन्स तंतोतंत जुळवले. मग ठोकळा चिकटवला: १ × १ × ०.५ मिमीचा अॅल्युमिना, वजन जेमतेम २ मिलिग्रॅम. पट्टीचं वजन १८७ मिलिग्रॅम. एक टक्का वजनाने काय होणार, असं वाटलं. चालवलं आणि लेन्सची चौकट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सुळकन गेली. दुसरी जोडी दिली, सुळकन परत आली. त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं, ‘मोटर झाली.’

ठोकळा लावल्यावर परत मोजलं तेव्हा दोन्ही रेझोनन्स फुटलेले दिसले. लांबीचा मोड १.७ किलोहर्ट्झने खाली आला होता, वाकण्याचा ३.४ ने. नंतर गणित करून पाहिलं तर हे असंच व्हायला हवं. टोकावर चिकटलेलं वजन लांबीच्या मोडला स्वतःच्या प्रमाणात खाली ओढतं, वाकण्याच्या मोडला साधारण दुप्पट, कारण वाकताना पट्टीची टोकं तिच्या बाकी अंगाच्या मानाने फार हेलकावतात. म्हणजे दोघांत १.७ किलोहर्ट्झचं अंतर पडलं होतं. मला ते दोष वाटलं. ‘एवढं अंतर असूनही इतकी छान चालते, तर जुळल्यावर काय करेल!’

म्हणून दुसरा नमुना. या वेळी उघड्या पट्टीची रुंदी थोडी जास्त ठेवली, ठोकळा चिकटवला, आणि मग कडा घासत वाकण्याचा मोड खाली आणला. हे घासणं एका माणसाच्या हातात होतं ज्याने आयुष्यभर लॅपिंग केलं आहे. काचेवर ओला १२०० नंबरचा कागद, त्यावर पट्टीची कड. ओलाच, कारण पीझेडटीत शिसं असतं आणि त्याची धूळ हवेत जाऊ द्यायची नाही.

“अजून दोन हात मारू?” त्यांनी विचारलं.

“नको, एकच. आणि तेवढाच दुसऱ्या कडेला.”

“मग पाच मिनिटं थांबा. आत्ता मोजाल तर तुम्ही माझ्या बोटांची ऊब मोजाल.”

त्यांचं खरं होतं. हातात धरलेल्या पट्टीची वारंवारता थंड होईपर्यंत सरकत राहायची. एका हाताने साधारण एक मायक्रॉन जायचा. हिशेबाने १० मायक्रॉन रुंदी गेली की वाकण्याचा मोड सुमारे २८० हर्ट्झने उतरतो, लांबीचा जागचा हलत नाही. त्या दुपारी दोन्ही शिखरं एकमेकांवर बसली, आलेखावर एकच सुळका दिसत होता.

आणि मोटर वाईट चालली. कर्कश किंचाळायची, सरकपट्टीला धक्के द्यायची, वेग पहिल्या नमुन्याच्या निम्मा. तासाभरात ठोकळ्याखाली पांढरी भुकटी जमली.

तिसऱ्यात वाटलं की कुठेतरी जुळवणी चुकली असेल, म्हणून रुंदी जरा जास्तच ठेवली आणि अलीकडेच थांबलो. तिसरा नमुना सुरेख चालला. पण उलट दिशेने. तीच वायरिंग, तीच जोडी, तोच स्विच, आणि लेन्स पुढे जाण्याऐवजी मागे. अर्धा दिवस आम्ही तारांना दोष देत बसलो. जोड्या उलट्या सोल्डर झाल्या असतील म्हणून सगळे डाग काढून पुन्हा लावले.

उलगडा झाला तो उसन्या आणलेल्या लेझर व्हायब्रोमीटरने, म्हणजे लेझरने कंप मोजणाऱ्या यंत्राने. दुसऱ्या नमुन्याचं टोक लंबवर्तुळ काढतच नव्हतं. ते एका तिरक्या रेघेवर येरझारा घालत होतं.

आता ते इतकं उघड वाटतं की लाज वाटते. एकाच व्होल्टेजने दोन्ही मोड चालवायचे असतील तर पाव चक्राचा फेजफरक बाहेरून कोणी देत नाही. तो पट्टीलाच तयार करावा लागतो. रेझोनन्सच्या खाली चालवलेली वस्तू व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकते, वर चालवलेली मागे पडते. ड्राइव्हची वारंवारता दोन शिखरांच्या मधोमध असेल तर एक मोड ४५ अंश इकडे आणि दुसरा ४५ अंश तिकडे सरकलेला असतो, बेरीज ९०. हे नेमकं तेव्हा होतं जेव्हा दोन शिखरांतलं अंतर एका शिखराच्या रुंदीइतकं असतं, म्हणजे वारंवारता भागिले क्यू. १६३ किलोहर्ट्झ भागिले १५०, म्हणजे सुमारे १.१ किलोहर्ट्झ. शिखरं एकमेकांवर बसली तर दोन्ही मोड एकाच पावलाने चालतात आणि लंबवर्तुळाची रेघ होते. आणि शिखरांचा क्रम बदलला, वाकण्याचा मोड खाली असण्याऐवजी वर गेला, तर फेजफरकाचं चिन्ह उलटतं; टोक तेच लंबवर्तुळ उलट्या बाजूने काढतं. तिसऱ्या नमुन्यात आम्ही अलीकडे थांबलो होतो, म्हणजे वाकण्याचा मोड वरच राहिला होता. तारा पहिल्यापासून बरोबर होत्या.

पहिल्या नमुन्यात १.७ किलोहर्ट्झचं अंतर ठोकळ्याच्या वजनाने फुकट दिलं होतं. त्या अंतराला फेजफरक येतो सुमारे ११४ अंश. लंबवर्तुळ थोडं कललेलं, पण गुबगुबीत. जो दोष समजून मी काढून टाकला, मोटर त्याच्यावरच चालत होती.

दोन स्वतंत्र अॅम्प्लिफायर लावून ९० अंशांचे दोन व्होल्टेज दिले तर शिखरं एकमेकांवर बसवणंच योग्य. माझ्या डोक्यात तोच नियम बसलेला होता आणि एका फेजच्या मोटरला मी तो लावला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी: हे अंतर पट्टीचं नाही. ते क्यूवर ठरतं आणि क्यू धरणाऱ्या पानांवर. इपॉक्सीच्या पॅडवर, क्यू ६० असताना, हेच अंतर २.७ किलोहर्ट्झ लागलं असतं. रबरावर साडेपाचशे हर्ट्झदेखील नाही. पट्टी एका खोलीत आणि तिला धरणारी पानं दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी करून ही मोटर होत नाही.

मोजताना एक, चालवताना दुसरं

हे समजल्यावर चौथा आणि पाचवा नमुना १.१ किलोहर्ट्झ अंतर ठेवून केला आणि दोन्ही बेताचेच चालले. व्हायब्रोमीटरवर अंतर वेगळंच निघायचं, शिवाय शिखरंही तीन-चार किलोहर्ट्झ खाली असायची.

दोष शिखरं मोजणाऱ्या इंपिडन्स अॅनालायझरचा नव्हता. मोजताना आम्ही एका जोडीला चिमटे लावायचो आणि दुसरी जोडी मोकळी सोडायचो. ड्रायव्हरमध्ये मात्र न वापरलेली जोडी ग्राउंडला जोडलेली असायची. मोकळ्या इलेक्ट्रोडखालच्या सिरॅमिकमध्ये ताणाने तयार झालेला विद्युतभार कुठे जाऊ शकत नाही, तो उलटून ताणालाच विरोध करतो, आणि पट्टी तेवढी जास्त ताठ होते. अर्धे इलेक्ट्रोड मोकळे ठेवल्याने लांबीचा मोड हिशेबाने दोन टक्क्यांच्या आसपास वर जातो. १६३ किलोहर्ट्झचे दोन टक्के म्हणजे आमचे ते तीन-चार किलोहर्ट्झ. वाकण्याचा मोड तितका सरकत नाही, म्हणून अंतरही बदलतं. पहिल्या तीन नमुन्यांचे जुने आकडे यातून कसे सुटले? ते आम्ही दुसऱ्या जोडीला ग्राउंड करणाऱ्या जुन्या फिक्स्चरवर मोजले होते. मधल्या काळात ते मोडलं, म्हणून चिमटे आले. वहीत फिक्स्चर बदलल्याची नोंद नव्हती. ती मी करायची होती.

आता न वापरलेली जोडी एका लहान रोधकातून ग्राउंड होते. पट्टीच्या कंपाच्या दृष्टीने ती ग्राउंडलाच असते आणि रोधकावरचा छोटा व्होल्टेज पट्टी किती जोरात कंप पावते ते सांगतो. ड्रायव्हर त्यावरूनच वारंवारता धरून ठेवतो.

उरलेलं

सोल्डरचा डाग हा भागही वजन असतो. टोकाजवळ दोन मिलिग्रॅमचा थेंब पडला तर तो दुसऱ्या ठोकळ्यासारखाच वागतो, म्हणून तारा मध्याजवळ. सोल्डर चांदी मिसळलेलं, नाहीतर कथिल इलेक्ट्रोडची चांदी खाऊन टाकतं. आणि सोल्डरिंगची इस्त्री एक-दोन सेकंदांत उचलायची. या सिरॅमिकचं क्युरी तापमान ३२५ अंशांच्या आसपास आहे आणि तापलेली इस्त्री ते सहज ओलांडते. डागाखालचा तुकडा ध्रुवण, म्हणजे विजेला ताणून उत्तर देण्याचा गुण, गमावून नुसतं चिनी मातीचं भांडं होतो.

सरकपट्टीचा खडबडीतपणा मी गृहीत धरला नव्हता. १२ व्होल्टला टोकाचा आयाम हिशेबाने ०.३ मायक्रॉन येतो. (रेझोनन्सशिवाय तेवढ्याच व्होल्टेजला चार नॅनोमीटरसुद्धा मिळत नाहीत.) पहिली अॅल्युमिनाची सरकपट्टी नुसती ग्राइंड केलेली होती, खडबडीतपणा ०.४ मायक्रॉन. म्हणजे टोक ज्या टेकड्यांवरून चालणार होतं त्या त्याच्या उडीपेक्षा उंच होत्या. लॅपिंग करून ०.०५ च्या खाली आणल्यावर घरघर गेली. १६३ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही. मोटर ऐकू येत असेल तर टोक सरकपट्टीवर उड्या मारतं आहे असं समजायचं. लॅपिंग केलेल्या सरकपट्टीवर बोटाचा एक ठसा उमटला तरी धरून ठेवायचं बल लक्षात येण्याइतकं घटतं.

केबलचा विचार सर्वात शेवटी केला आणि तो आधी करायला हवा होता. चालवलेल्या अर्ध्या इलेक्ट्रोडची धारकता फक्त १४४ पिकोफॅरड. कोअॅक्स केबलची मीटरला साधारण १००. बोगद्यातून बाहेर यायला ३ मीटर केबल लागली, म्हणजे ड्रायव्हरला दिसणाऱ्या भारातला दोन तृतीयांश भाग केबलच. ड्रायव्हरच्या चौकोनी लाटेची गुळगुळीत साइन लाट करणारा इंडक्टर या बेरजेवर बसवावा लागला, सुमारे २.१ मिलिहेन्री, आणि फेराइट गाभ्यामुळे तो ड्रायव्हरसोबत बाहेरच राहिला. केबलची लांबी आता कोणी बदलायची नाही.

उष्णतेची मला फार भीती होती, ती वाया गेली. ५ मिमीची फेरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपते. तापायला वेळच मिळत नाही.

मऊ सिरॅमिक घेतलं असतं तर? त्याचा व्होल्टेजला मिळणारा ताण दुपटीहून जास्त असतो, पण स्वतःचा क्यू ६५. आमच्या पानांवर तो ५० पर्यंत घसरला असता आणि आयाम कठीण सिरॅमिकच्या तीन चतुर्थांशाला पोचला असता. शिखरं मात्र इतकी बसकी की अंतरात किलोहर्ट्झभर चूक झाली तरी मोटरला पत्ता लागला नसता. एकच नमुना करायचा असेल आणि ती थोडाच वेळ चालायची असेल, तर आज मी मऊच घेईन. आमच्या बाबतीत तीस करायच्या होत्या, त्यामुळे कठीण.

सध्याच्या मोटरला १८ व्होल्ट लागतात, हिशेबापेक्षा दीडपट, कारण सरकपट्टीवर दाबून काम करणारं टोक मोकळ्या टोकासारखं हलत नाही. धरून ठेवायचं बल ०.३७ न्यूटन. एक तक्रार शिल्लक आहे: आठवडाभर पडून राहिलेली मोटर दमट दिवसांत पहिल्या झटक्याला हलत नाही, ठोकळा आणि सरकपट्टी एकमेकांना चिकटून बसतात. तूर्त ड्रायव्हर सुरुवातीला दोन्ही दिशांना एकेक छोटा झटका देतो आणि मगच काम सुरू करतो.

पट्टीच्या ड्रॉइंगवर पूर्वी रुंदी २.५०० मिमी, अधिक-उणे ५ मायक्रॉन असं लिहिलेलं होतं. ती ओळ खोडली आहे. तिथे आता लिहिलं आहे: ‘रुंदी २.६ मिमी, घासून कमी करावी. ठोकळा चिकटवल्यावर, पानांवर प्रीलोडसह, दुसरी जोडी ग्राउंड करून, वाकण्याचा रेझोनन्स लांबीच्या रेझोनन्सच्या ०.९ ते १.४ किलोहर्ट्झ खाली. मोजण्याआधी पाच मिनिटं थांबावं.’